उत्खननाची ट्रॉवेल: चार इंची आणि एकसंध घडवलेलीच घ्या

पुरातत्त्वाचा विद्यार्थी पहिल्या उत्खननाला निघताना हार्डवेअरच्या दुकानातून गवंड्याची थापी उचलतो. ती नको. थापीचं पातं लांब आणि लवचीक असतं. ओल्या मातीवर ती माल पसरावा तशी माती पसरवते आणि मातीच्या दोन रंगांमधली शोधायची रेघ तिच्याखालीच लिंपली जाते.

हवी ती ४ इंची, टोकदार, पातं आणि मान (पातं मुठीला जोडणारी दांडी) एकाच लोखंडातून ठोकून घडवलेली ट्रॉवेल, म्हणजे माती खरवडायचं हातातलं छोटं हत्यार. ब्रिटनमधली डब्ल्यूएचएस आणि अमेरिकेतली मार्शलटाऊन या जातीच्या आहेत आणि दोन्ही घेण्यासारख्या आहेत. स्वस्त ट्रॉवेलची मान पात्याला वेल्डिंगने जोडलेली असते. दगड उचकटताना ती नेमकी सांध्यावर तुटते. घेताना टोक जमिनीवर दाबून पाहा, पातं वाकलं तर परत ठेवा. ५ इंची पातं खड्ड्याची भिंत तासायला बरं, पण दफनात ते आडवं येतं.

ही ट्रॉवेल कशासाठी, हे शिरूर तालुक्यातल्या इनामगावावरून कळतं. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या) वसाहतीत डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तिथली दफनं घरांच्या जमिनीखाली होती. म्हणजे आधी दिसते ती चोपलेली जमीन, आणि तिच्यात भोवतालपेक्षा किंचित वेगळ्या रंगाचा, थोड्या भुसभुशीत मातीचा डाग. तो डाग टोकाने टोचून सापडत नाही. पातं तिरकं धरायचं आणि धारेने माती आपल्याकडे ओढत दोनतीन मिलिमीटरच काढायची. मागे सरकत जायचं, म्हणजे साफ केलेल्या भागावर पाय पडत नाही. उन्हात माती वाळली की रंगाचा फरक पाहता पाहता नाहीसा होतो, म्हणून पाण्याचा बारीक फवारा मारा आणि कडा दिसताच ट्रॉवेलच्या टोकाने ती आखून टाका. काढलेली माती घमेल्यातून थेट चाळणीकडे. ५ मिमीच्या जाळीतून बारीक मणी आणि गारगोटीच्या ढलप्या निसटतात, तेव्हा दफनाची माती २ मिमीच्या जाळीतून चाळा.

इनामगावात लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून आडवं पुरलेलं आढळलं. रांजणाच्या काठाच्या खापराचा स्पर्श झाला की ट्रॉवेल बाजूला ठेवा. पुढचं काम बांबूची काडी आणि ब्रश यांचं. हाडावर लोखंडाचा ओरखडा उठला तर तो पुढे प्रयोगशाळेत कापल्याच्या खुणेसारखा वाटू शकतो. यापेक्षा मोठा धोका लहान हाडांचा. तिथल्या बहुतेक प्रौढांच्या सांगाड्यांना घोट्याखालची पावलं नव्हती, आणि ती पुरण्याआधीच तोडली असावीत असा अर्थ लावला गेला. घाईच्या ट्रॉवेलने पायाची बोटं चाळणीत गेली, तर असा अर्थ लावायला आधारच उरत नाही. पायांकडची माती म्हणूनच वेगळ्या पिशवीत, वेगळ्या चिठ्ठीसह ठेवावी.

या हत्याराच्या मर्यादाही आहेत. कुकडीकाठच्या बोरीसारख्या अश्मयुगीन ठिकाणी कंकराने (चुनखडीच्या खड्यांनी) जखडलेल्या गोट्यांच्या थरात ट्रॉवेल घासत बसू नका, तिथे छिन्नी-हातोडाच लागतो. सुकलेल्या काळ्या मातीतही आधी छोटी टिकाव चालवावी.

देखभाल अवघड नाही, पण टाळली जाते. धार गोल झाली की पातं माती कापत नाही, ढकलतं. चपट्या कानशीने एकाच दिशेने घासून ती परत आणा. पोलाद गंजतं, म्हणून संध्याकाळी पुसून तेलाचा हात फिरवा. लाकडी मूठ कोरड्या हवेत आकसते आणि धातूच्या कड्यात खिळखिळी होते. तिला जवसाचं तेल पाजा, पाण्यात भिजत ठेवू नका, कारण वाळल्यावर ती आणखी सैल होते. घाम फार येत असेल तर रबरी मुठीची घ्या.

झिजून तीन इंचांवर आलेली ट्रॉवेल मात्र टाकू नका. बरगड्यांमधली माती काढायला तीच सर्वांत चांगली.