किचन बघूनच घर ठरवणारी पार्टी

आमचा फ्लॅट विकत घ्यायला म्हणून बघायला आलेल्या त्या दोघांना मी आलं घालून चहा केला होता, सोबत बाकरवडी. तो आयटीत, ती दातांची डॉक्टर, असं एजंटने आधीच सांगून ठेवलेलं. बाईंनी हॉल नुसता नजरेखालून घातला आणि सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. कडाप्प्याच्या ओट्यावरून बोट फिरवत म्हणाल्या, "काकू, मी किचन बघूनच घर ठरवते." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुण्यात कर्वेनगरमधला हा फ्लॅट वडिलांनी १९९४ साली घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही, ६५० चौरस फूट कार्पेट, हॉलला लागून दहा बाय पाचची टेरेस. वडील गेल्यावर तो तीन वर्षं बंद होता. भाऊ बंगळूरला, मी सिंहगड रोडला. २०२४च्या दिवाळीत भाऊ आला तेव्हा विकायचं ठरलं. एजंट आमच्याच सोसायटीतले दोन व्यवहार केलेला, म्हणून परका वाटला नाही. आहे तसा विकला तर ७८ लाख येतील, असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. तिथेच मी गप्प बसून "चालेल" म्हणायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी त्याने ही पार्टी आणली. लोकेशन आवडलं, पण घर फार जुनं आहे म्हणाले. बाळ लहान, तोडफोडीत राहता यायचं नाही. तुम्हीच नवीन किचन, दोन्ही बाथरूम आणि कपाटं करून दिलीत तर ९५ लाखांना आमची हरकत नाही. अकरा हजारांचं टोकनही त्यांनी रोख दिलं, एजंटच्या हातात. मी ते पैसे पाहिले, मोजले नाहीत, आणि ते माझ्याकडे आलेही नाहीत.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, कामाचे नऊ लाख घालून वरचे सतरा मिळतायत, विचार कसला करतेस?" आता आम्ही दोघंही तो फोन झालाच नव्हता असं वागतो.

कंत्राटदार अर्थातच एजंटनेच दिला. "माझा माणूस आहे ताई, मी बघतो." कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं: एका कागदाचा फोटो, त्यावर सहा ओळी आणि खाली लमसम ९,४०,०००. ७१० मरीन प्लाय, ब्रँडेड फिटिंग्ज, वॉटरप्रूफिंगसह. कुठल्या कपाटाचे किती चौरस फूट, फुटाला काय दर, कुठल्या कंपनीच्या टाइल्स, काही नाही. विचारलं तर म्हणाला, "ताई, हिशोबात पडलात तर काम राहील." बिल मागितलं तर १८ टक्के जीएसटी वर. म्हणजे १,६९,२०० रुपये वाचताहेत या आनंदात मी बिनबिलाचं काम कबूल केलं. पैसे थोडे यूपीआयने, बाकी रोख, दर वेळी पावणेदोन लाखांच्या आसपास. शेवटी मी ५०,००० राखून ठेवले, एवढी एकच अक्कल शाबूत होती. ८,९०,००० गेले, त्यातले रोख ६,३०,०००.

सगळ्यात महागात पडली ती टेरेस. कामाच्या दुसऱ्या आठवड्यात कंत्राटदार म्हणाला, टेरेस आत घेऊ या. मधलं दार आणि खिडकीखालची भिंत काढली की हॉल पन्नास फूट वाढतो, पन्नास गुणिले बारा हजार म्हणजे सहा लाख आयते. गणित तोंडपाठ होतं त्याचं. मला ते पटलंही, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये चार जणांनी टेरेस अशीच आत घेतलेली. सोसायटीला पत्र द्यायला हवं होतं, मंजूर नकाशात टेरेस टेरेसच आहे, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. "सगळे करतात" या दोन शब्दांत ते बुडालं. माझा दोष मी लपवत नाही.

बाथरूमच्या जुन्या टाइल्स त्याने फोडल्याच नाहीत. फोडलं की आवाज होतो, खालचे भांडायला येतात, राडारोडा उचलायचे पैसे लागतात, त्यापेक्षा वरूनच लावू, केमिकल आहे ना. टाइलवर टाइल बसली, जमीन पाऊण इंच वर आली आणि उंबरा जेमतेम नावापुरता उरला. अंघोळ केली की पाणी पॅसेजमध्ये. खरं काम असतं ते कोब्यापर्यंत फोडून पाइपचे सांधे तपासणं, कोपऱ्यांत वाटा, म्हणजे सिमेंटची गोलाई, मारणं, वॉटरप्रूफिंगचे कोट देणं, आणि मग नाहणीला बूच लावून पाणी तुंबवून दोन दिवस ठेवणं, खालच्यांच्या छताकडे बघत. हे सगळं मला नंतर कळलं, जूनमध्ये, खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या देवघरावर ओल उतरली तेव्हा. दुसऱ्या प्लंबरने बाथरूम फोडलं. आत गीझरच्या गरम पाण्याला पांढरा यूपीव्हीसी पाइप निघाला. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो, तो फिकट पिवळसर असतो. भिंतीत गाडायच्या आधी एक नजर टाकली असती तर रंगावरूनही कळलं असतं. पण त्या दिवशी मी शाळेत पेपर तपासत होते.

प्लायची गंमत तर वेगळीच. सिंकखालच्या कपाटाचा तळ एप्रिलमध्येच फुगला. आमचा जुना सुतार बघायला आला, त्याने कपाटाच्या कडेची पट्टी उचकटली आणि हसला. दारं बरी होती, खोकं मात्र साध्या एमआर प्लायचं, ज्याला बाजारात कमर्शियल म्हणतात. ते दमट हवेला टिकतं, पाण्याला नाही. ७१० म्हणजे आयएस ७१० हे भारतीय मानक, खरा मरीन प्लाय, त्याचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही थर सुटता कामा नयेत अशी अट आहे. माझ्याकडे कामावर उरलेला एक तुकडा होता, त्यावर ७१०चा आणि आयएसआयचा ठळक शिक्का. सुतारमामा म्हणाले, "ताई, भांडं ठेवा गॅसवर." तुकड्याचा एक कोपरा कापून पाण्यात टाकला. दुसरा चहा व्हायच्या आत तो पुस्तकासारखा उघडला. मग त्यांच्या मुलाने फोनवर बीआयएस केअर हे भारतीय मानक ब्युरोचं ॲप काढलं आणि शिक्क्याखालचा सीएम/एल नंबर घालून बघितला. त्या नंबरचा परवाना निघालाच नाही. हे ॲप फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. मी ते माल ट्रकमधून उतरतानाच करायला हवं होतं.

आणि पार्टी? मार्चमध्ये काम संपलं तेव्हा त्यांचं लोन मंजूर व्हायचं होतं. मग सासऱ्यांची तब्येत. मग एजंट म्हणाला, त्यांनी बावधनला घेतला हो, आपलं नशीब नाही. टोकनचं विचारलं तर "ते परत केलं ना त्यांना, माणुसकी म्हणून."

जुलैत दुसरे गिऱ्हाईक आले, खरे. ८४ लाखांवर बोलणं थांबलं आणि त्यांच्या बँकेचा व्हॅल्युअर आला. त्याच्या हातात मंजूर नकाशाची प्रत होती. टेप लावून पंधरा मिनिटांत निघून गेला, किचनचे सॉफ्ट क्लोज ड्रॉवर उघडूनसुद्धा बघितले नाहीत त्याने. अहवालात टेरेस हॉलमध्ये मिसळल्याचा शेरा, क्षेत्रफळ नकाशाप्रमाणेच, इमारतीचं वय ३१ वर्षं, अंतर्गत सजावट विचारात घेतलेली नाही, किंमत ७८ लाख. आणि टेरेस पूर्ववत केल्याशिवाय कर्ज नाही. ते लोक गेले.

इथे थोडं आकडेमोडीचं बोलते, कारण ९५ लाखांच्या स्वप्नाला भोक इथेच होतं आणि मी ते आधी पाहू शकले असते. बँक कर्ज देते ते करारातली रक्कम आणि तिचं स्वतःचं मूल्यांकन यांतल्या कमी आकड्यावर. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला त्या आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत. ७८ चे ८० टक्के म्हणजे ६२.४० लाख. ९५ ला घेणाऱ्याने उरलेले ३२.६० लाख खिशातून आणायचे, शिवाय स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन वेगळं. कर्वेनगरमध्ये लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर, लॅमिनेटच्या रंगासाठी? तान्हं बाळ असलेलं जोडपं? भावाला मी हे कागदावर मांडून पाठवलं, त्याने अंगठा पाठवला.

टेरेसची भिंत आणि दार परत बसवायला ८५,००० गेले. बाथरूम पुन्हा करायला आणि खालच्या आजोबांचं छत रंगवून द्यायला त्याहून जास्त.

ऑक्टोबरमध्ये फ्लॅट ७९.५० लाखांना गेला. घेणारे मध्यमवयीन गृहस्थ, स्पष्टवक्ते. त्यांनी किचनकडे ढुंकून बघितलं नाही. त्यांचे प्रश्न निराळेच: सोसायटीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का? प्लॉट किती? रीडेव्हलपमेंटचं बोलणं कुठवर आलंय? पार्किंगचं सोसायटीचं पत्र आहे का? आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून वडिलांच्याच नावावर कसं? या शेवटच्या प्रश्नावर त्यांनी दीड लाख तोडले. "कागद होईपर्यंत माझे पैसे अडकतात, मॅडम." भावाचं हक्कसोडपत्र आणि सर्टिफिकेटवरचं नाव हे काम मी जानेवारीतच करू शकले असते. त्याला मरीन प्लाय लागत नाही. आमच्या भागातल्या तीस वर्षांच्या इमारती एकेक करून पाडायला निघाल्यात, घेणारा माणूस घर नाही, नव्या इमारतीतली आपली जागा विकत घेतोय. त्याला तुमची कपाटं म्हणजे पुढे भंगारवाल्याला द्यायचा माल. नवीन इमारतीत कदाचित वेगळं असेल, तिथे तयार घराला गिऱ्हाईक मिळतं. पण माझ्यासारखा जुना फ्लॅट असेल तर ओल बंद करा, वायरिंग तपासा, पांढरा रंग द्या, आणि उरलेला वेळ सोसायटीच्या ऑफिसात घालवा.

फसवणूक ठरवून झाली होती हे मला बऱ्याच उशिरा समजलं. टाइल्सचा गवंडी बाथरूमच्या उरलेल्या मजुरीसाठी माझ्याकडे आला, त्याचेही पैसे बुडवले होते. बोलता बोलता म्हणाला, "एजंटसाहेबांचं दहा टक्के तर आधीच जातं ना ताई, मग आमच्या हातात काय राहणार?" आणि नोव्हेंबरमध्ये स्टाफरूममध्ये माझी वारज्याची मैत्रीण खुशीत सांगत होती की तिच्या फ्लॅटला पार्टी आलीये, फक्त त्यांना जरा नूतनीकरण करून हवंय. मी विचारलं, "ती बाई काय म्हणाली, मी किचन बघूनच घर ठरवते?" मैत्रिणीचा चेहरा बघवेना. मोबाइलमध्ये तिने त्या दोघांचा फोटो दाखवला, ओट्याशी उभे. एजंट दुसरा होता. कंत्राटदार मात्र तोच सुचवलेला.

तुमच्याकडे अशी पार्टी आली तर एवढंच करा: टोकन स्वतःच्या खात्यात, चेकने किंवा ऑनलाइन मागा, आणि साध्या कागदावर का होईना, किंमत आणि मुदत लिहून दोघांच्या सह्या आणि पॅन नंबर घ्या. खोटी पार्टी पॅन देत नाही. माझ्या मैत्रिणीने मागितला, आणि त्या दोघांना अचानक पार्किंग लहान वाटू लागलं.

बिल न घेण्याचा शेवटचा फटका सीएने दाखवला. घर विकल्यावरच्या नफ्यातून सुधारणेचा खर्च वजा होतो, म्हणजे सुटी कपाटं नाहीत, पण बांधकाम, प्लंबिंग, टाइल्स वगैरे. माझ्या हिशोबाने ते सव्वापाच लाखांच्या घरात होतं. १२.५ टक्क्यांनी कर धरला तर ६५,००० च्या आसपास वाचले असते. पुरावा काय, तर एका कागदाचा फोटो. जीएसटी वाचवल्याचा आनंद तिथे उरलासुरलाही संपला.

महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाकडे, जायचं डोक्यात होतं, पण जुन्या सोसायटीतला रीसेल त्यांच्या कक्षेत बसत नाही असं वकिलांनी सांगितलं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि दिलेली रक्कम पाच ते दहा लाख असेल तर फी फक्त २०० रुपये, त्यामुळे फीची भीती बाळगू नका. यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, दुसऱ्या प्लंबरने काढलेले पाइपचे फोटो, एवढी शिदोरी आहे. रोख दिलेले सिद्ध कसे करायचे हा प्रश्नच आहे, पण एका व्यवहारापोटी २ लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, हे नोटिशीत लिहिल्यावर कंत्राटदाराचा पहिल्यांदा स्वतःहून फोन आला. अजूनही "ताई"च म्हणतो.

तो ७१०चा शिक्का असलेला उरलेला तुकडा फेकू नका, असं वकिलांनी बजावलंय. घरात जागा नाही म्हणून बाल्कनीत ठेवलाय, दोन पिशव्यांत गुंडाळून. सुनावणी होईपर्यंत त्याला पाणी लागून चालणार नाही.