क्लचप्लेटचे १४,४४० रुपये घेतले आणि गिअरबॉक्सचा एक बोल्टही उघडला नव्हता

हे लिहिन लिहिन म्हणत दीड वर्ष गेलं, पण परवा ऑफिसमधली एक मैत्रीण सांगत होती की सर्व्हिसिंगला गाडी दिली आणि क्लच गेलाय म्हणून फोन आला, ३८ हजार रनिंगला, आणि तिलापण तेच वाक्य ऐकवलं जे मला ऐकवलं होतं. म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय, लांबलं तरी वाचा.

माझी गाडी २०१९ ची, छोटी पेट्रोल हॅचबॅक, घेतल्यापासून मीच चालवते. कोथरूड ते हिंजवडी फेज २ रोजचं जाणं येणं. भूमकर चौकात संध्याकाळी जे अडकलेत त्यांना सांगायला नको, पहिला गिअर, दुसरा, परत पहिला, घरी येईपर्यंत डावा पाय भरून येतो. जून २०२४ मध्ये क्लचचं पेडल जड लागायला लागलं. तेवढीच तक्रार होती हे लक्षात ठेवा. गाडी ओढत होती, गिअर नीट पडत होते, वास नाही, आवाज नाही, फक्त पेडल जड.

सर्व्हिसिंग करायचंच होतं म्हणून शनिवारी सकाळी सर्व्हिस सेंटरला गाडी नेऊन दिली, रनिंग ४१,२००. जॉब कार्डवर मी स्वतः उभं राहून 'क्लच पेडल हार्ड' असं लिहून घेतलं. दुपारी एकच्या सुमारास फोन आला, पण मला नाही, माझ्या नवऱ्याला, कारण गाडी घेताना नंबर त्याचा दिला होता. अ‍ॅडव्हायझर त्याला म्हणाला, सर, क्लचप्लेट पूर्ण जळालीय, मॅडम क्लचवर पाय ठेवून चालवतात का? लेडीज ड्रायव्हिंग असलं की ४० हजारालाच येतो क्लच, आमच्याकडे रोज बघतो आम्ही. अशीच चालवली तर कुठंतरी घाटात बंद पडेल, मग टोइंगचा खर्च वेगळा. (क्लचप्लेट म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडं नेणारी, घासून झिजणारी चकती.)

आता खरं सांगते, हे ऐकून मी विरोधच केला नाही. कारण चांदणी चौकाच्या चढाला ट्रॅफिक असलं की मी हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवायचे, ही सवय मला होती आणि ती चुकीची आहे हे मला माहीत होतं. त्यामुळं मनात पहिलं हेच आलं की बरोबर बोलतोय तो, आपणच जाळली. नवरा काही वाईट बोलला नाही, 'असू दे गं, होतं' एवढंच म्हणाला, पण घरात जेवताना विषय निघालाच, सासऱ्यांनी 'एवढ्या लवकर कसा गेला, आमच्या गाडीचा ९० हजार चालला होता' असं म्हटलं आणि मी मान खाली घालून जेवत राहिले.

बिल असं होतं. क्लचप्लेट आणि प्रेशर प्लेटचा सेट ५,९४०, रिलीज बेअरिंग १,१८०, गिअर ऑइल १,०२०, फ्लायव्हील फेसिंग (ज्या चाकावर प्लेट टेकते ते मशीनवर सपाट करणं) १,८०० आणि लेबर ४,५००. टॅक्स धरून १४,४४०, सर्व्हिसिंगचे वेगळे. छोट्या पेट्रोल गाडीला हा आकडा बघून कुणाला शंका येणार नाही कारण खरंच काम केलं तर साधारण एवढं लागतंच, गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, चार-पाच तासांची मजुरी असते. मोठ्या डिझेल गाडीला तर याच्या कितीतरी पट बिल होऊ शकतं.

गाडी घ्यायला गेले तेव्हा मी जुने पार्ट दाखवा म्हटलं. त्यानं आतून एका गोणपाटात गुंडाळलेली काळीकुट्ट प्लेट आणली, लायनिंग (प्लेटवरचा घासला जाणारा थर) पार रिव्हेटपर्यंत घासलेलं. 'बघा मॅडम, ही तुमची.' मी मोबाईलवर एक फोटो काढला. का काढला ते आता आठवत नाही, बहुतेक नवऱ्याला दाखवायला. प्लेट घरी न्यायची का विचारलं नाही, आणि त्यानं ती लगेच परत आत नेली. गाडी चालवून बघितली तर पेडल एकदम मऊ, लोण्यासारखं. मी थँक्यू म्हणून निघाले.

त्यानंतर मी गाडी चालवणं जवळजवळ बंद केलं. कंपनीच्या कॅबनं जायला लागले. रविवारी कुठं जायचं असलं की नवऱ्याकडं किल्ली द्यायची. गाडी शिकायला मला चौतिसावं वर्ष उजाडलं होतं, माहेरी कुणी बाई चालवत नव्हती, आणि एवढं करून मिळवलेलं ते एका माणसाच्या एका वाक्यानं सोडून दिलं, याचं मला त्या पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं अजून.

दिवाळीत आम्ही कराडला माझ्या माहेरी गेलो. खंबाटकी नवऱ्यानंच चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना अंगणात गाडीखाली ऑइलचे थेंब दिसले. बाबांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, चाळीस वर्षं गाड्यांचं काम करतात, बाबा म्हणाले चल दाखवून येऊ, भाऊपण आला बरोबर. मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली, बॅटरी (टॉर्च) घेऊन खाली उतरले, म्हणाले ड्राईव्ह शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाला जाणाऱ्या दांड्याचं, सील गेलंय, साधं काम आहे. मी आपलं सहज म्हटलं की काका, जूनमध्येच क्लच केलाय, तेव्हा गिअरबॉक्स उतरवला होता, तेव्हाच सील नीट बसलं नसेल का. त्यावर ते काही बोलले नाहीत. बॅटरी परत वर धरून दोन-तीन मिनिटं बघत राहिले. मग मलाच खाली बोलावलं.

'ताई, हे बघा.' गिअरबॉक्स इंजिनला जिथं जोडतो तिथले मोठे बोल्ट. त्यांच्या कडेनं चिखल आणि ऑइल मिळून एक सुका काळा थर बसला होता, पाच वर्षांचा. एका फडक्यानं त्यांनी एक बोल्ट हळूच पुसला, तर खाली पिवळ्या पेंटची बारीक रेघ, अर्धी बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धी केसिंगवर, एका ओळीत. कंपनीत बोल्ट आवळून झाला की खूण करतात ती. बोल्ट एकदा जरी फिरवला की ती रेघ तुटते, परत तशी जुळत नाही. दुसरा पुसला, तिथंही तसंच. 'ह्यो गिअरबॉक्स कंपनीतनं आल्यापासनं खाली उतरल्याला न्हाय,' म्हणाले. 'मग क्लच बदलला कुठनं?'

मग त्यांनी वर बॉनेटमधून क्लचची केबल दाखवली. काळी, चकचकीत, नवी कोरी. बाजूच्या सगळ्या वायरी धुळीनं माखलेल्या आणि ही एकटी स्वच्छ. बिलात केबल आहे का बघा म्हणाले. मोबाईलमध्ये बिल होतं, त्यात केबलचं नाव नाही. म्हणजे पेडल जड व्हायचं कारण होतं केबल, आतून कोरडी पडली की ती जड होतेच, आणि त्यांनी फक्त काहीशे रुपयांची केबल बदलली. पेडल मऊ झालं, गिऱ्हाईक खूश, आणि बिल अख्ख्या क्लचचं.

सील बदलायला शाफ्ट काढावाच लागणार होता तर मी म्हटलं काका, गिअरबॉक्सपण उतरवाच, मला आतलं बघायचंय. भावानं डोकं चालवलं, काम सुरू करायच्या आधी व्हिडिओ चालू केला, आधी नंबर प्लेट, मग ओडोमीटर, मग न थांबवता खाली खड्ड्यात येऊन ते बोल्ट आणि पिवळ्या रेघा. दुपारी प्लेट बाहेर आली. मिस्त्रींनी व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) लावून रिव्हेटच्या वर किती लायनिंग आहे ते मोजलं, म्हणाले निम्म्यापेक्षा जास्त शिल्लक आहे, अजून एवढंच रनिंग आरामात काढेल. फ्लायव्हील फेसिंगचे १,८०० घेतले होते, त्या फ्लायव्हीलवर मशीन फिरल्याची एक खूण नव्हती. मग मला मोबाईलमधला तो जूनचा फोटो आठवला. त्या जळक्या प्लेटच्या मध्ये सहा स्प्रिंगा. माझ्या हातातल्या प्लेटला चार. दाखवली होती ती माझ्या गाडीची नव्हतीच, दुसऱ्याच कुठल्यातरी मॉडेलची होती. मी तिथंच लाकडी स्टुलावर बसले आणि रडले, बाबा नुसते शेजारी उभे राहिले.

मिस्त्रींनी त्या दिवशी जे समजावलं ते मी सगळ्यांना सांगते. दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबून म्हणाले, असं पूर्ण दाबलेलं असलं की झिजत नाही, हात पूर्ण लांब केले तरी झिजत नाही, आणि मग तळहात हलके टेकवून घासले, झिजतं ते असं अर्धवट टेकलेलं असताना. हाफ क्लच म्हणजे हेच. चढावर क्लचवर गाडी धरणं, गाडी पळत असताना उगीच पेडलवर पाय टेकवून ठेवणं, थांबलेली गाडी दुसऱ्या गिअरला उचलणं, लोड भरून चिखलातून रेटत काढणं, याच्यानं प्लेट लवकर जाते हे खरं आहे, मी त्यातली चढाची सवय सोडली, आता हँडब्रेक लावते. कधी इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल प्लेटवर येतं आणि चांगली प्लेटपण घसरायला लागते, तेव्हा नुसती प्लेट बदलून भागत नाही, सील बदललं नाही तर नवीनपण जाणार. पण क्लच गेला की तो गाडीत कळतो. ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम, म्हणजे इंजिनचे फेरे, वर जातात आणि स्पीड वाढत नाही, चढाला जळका वास येतो, पेडल पार वर आल्यावर गाडी हलते. नुसतं पेडल जड म्हणजे प्लेट संपली असं अजिबात नाही.

आणि तपासायची साधी पद्धत आहे, कुणीही करू शकतं. सपाट मोकळ्या जागेत, समोर कुणी नाही बघून, हँडब्रेक पूर्ण ओढायचा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकायची, आरपीएम दीड हजारापर्यंत नेऊन क्लच हळूहळू सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. बंद न पडता गुरगुरत राहिलं तर प्लेट घसरतेय. एकदाच करा, सारखं सारखं नको, त्यानंच प्लेट तापते. मला हे जूनमध्ये माहीत असतं तर त्या अ‍ॅडव्हायझरला मी समोर उभं करून हे करून दाखवायला लावलं असतं.

क्लचमध्येच हे लोक का फसवतात तेपण समजून घ्या. एक म्हणजे तो आत असतो, टायर किंवा बॅटरीसारखा दिसत नाही. दुसरं, क्लचप्लेट झिजणाऱ्या पार्टमध्ये धरतात म्हणून वॉरंटी असली तरी ती सहसा त्यात बसत नाही, सगळे पैसे गिऱ्हाईकाच्या खिशातून, वर कंपनी क्लेम तपासायला येणार नाही. आणि तिसरं, दोष चालवणाऱ्यावर टाकता येतो. बाई असेल, नवीन शिकलेला मुलगा असेल, वयस्कर माणूस असेल, त्याला सांगायचं तुमच्या पायामुळं गेलं. माणूस शरमेनं पुढं विचारतच नाही.

पुण्याला आल्यावर मी फोटो, व्हिडिओ, बिल सगळं सर्व्हिस सेंटरला मेल केलं. आधी उत्तरच नाही. मग मॅनेजर म्हणाला की कराडच्या मिस्त्रीनंच जुनी प्लेट टाकली असेल. मी विचारलं, तुमच्या माणसानं दाखवलेली सहा स्प्रिंगांची प्लेट माझ्या मॉडेलला बसते का तेवढं लेखी द्या, आणि बिलात नसलेली नवीन केबल कुणी टाकली तेपण द्या. त्यावर गप्प. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली आणि रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवली, नवऱ्याच्या नाही, माझ्या सहीनं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असंही नाही, हे सगळं नोटिशीत लिहिलं. जानेवारी २०२५ मध्ये १४,४४० परत आले. सोबत मेल, की ही रक्कम आम्ही ग्राहकाशी चांगले संबंध राहावेत म्हणून देत आहोत. मी उलट मेल केला की हे न केलेल्या कामाचे पैसे आहेत आणि मी ते तसेच समजून घेतेय. नवऱ्याला फोन करून माझ्याबद्दल जे बोलले त्याबद्दल त्यांनी माफी मागावी असं मी म्हटलं होतं, ती माफी अजून आलेली नाही.

आता मी काय करते, तर मोठं काम सांगितलं की त्याच दिवशी हो म्हणत नाही. गाडी देण्याआधी फोन नंबर माझा लावते. गिअरबॉक्स उतरवणार असतील तर उतरवलेला असताना नंबर प्लेटसकट फोटो मागते, नवीन पार्टचं खोकं आणि त्यावरचं लेबल बघते, जुना पार्ट गाडीच्या डिकीत ठेवायला सांगते, नुसता दाखवून परत नेला तर चालणार नाही असं जॉब कार्डवरच लिहायला लावते. तोंड वाकडं करतात, करू देत.

कराडहून परत येताना त्या दिवाळीत गाडी मी चालवली, साताऱ्यापासून पुढं पाऊण तास कुणी काही बोललं नाही, मग नवरा म्हणाला पाय दुखत असेल तर मी घेतो, मी नको म्हटलं. आज रनिंग ५५,६०० आहे, रोज भूमकर चौक आहेच, आणि आत प्लेट तीच आहे, चार स्प्रिंगांची.