दिएन बिएन फूची दोन पुस्तकं, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

'द सेंच्युरियन्स' ही जाँ लार्तेगीची फ्रेंच युद्धकादंबरी घेतल्या घेतल्या पहिल्याच आठवड्यात मी तिला पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. सोबत एकच ओळ: "जबरदस्त, खाली ठेववत नाही." तारे काढून घेत नाही, पण ती ओळ आता टोचते. म्हणून हे सविस्तर.

आधी वस्तूबद्दल. माझी प्रत झॅन फील्डिंगच्या इंग्रजी भाषांतराची पेपरबॅक आहे. कल्याणहून सीएसएमटीला उभ्यानं जाताना एका हातात धरायची म्हणजे मनगट भरून येतं. एक पावसाळा सॅकमध्ये काढल्यामुळे कोपरे फुगलेत, कण्यावर पांढऱ्या रेघा पडल्यात, पण पान एकही सुटलेलं नाही. दोनदा पूर्ण वाचलं, तिसऱ्यांदा निवडक.

जाँ लार्तेगी आधी सैनिक, मग पत्रकार. कोरियात लढताना जखमी झालेला माणूस. १९६० साली हे पुस्तक आलं तेव्हा अल्जेरियाचं फ्रान्सविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध अजून चालूच होतं, हे वाचताना विसरायचं नाही. सुरुवात होते ती व्हिएतनाममधला फ्रेंचांचा तळ, दिएन बिएन फू, पडल्यानंतर. १३ मार्च ते ७ मे १९५४, व्हिएत मिन्ह या तिथल्या कम्युनिस्ट बंडखोरांचा छपन्न दिवसांचा वेढा. दरीतल्या फ्रेंच ठाण्यांना बायकांची नावं होती: गॅब्रिएल, बेआत्रिस, एलियान. सगळी गेली आणि दहा हजारांच्या वर माणसं कैदेत पडली. त्यातलेच काही अधिकारी एकमेकांना बांधलेल्या अवस्थेत छावणीकडे चाललेत.

छावणीचा हा भाग मला आजही अव्वल वाटतो. तिथे मारहाणीपेक्षा शिकवणी जास्त. एक राजकीय अधिकारी रोज प्रवचन देतो, त्याला कैद्यांनी ठेवलेलं नाव 'आवाज'. उपाशी, आमांशानं खंगलेले कॅप्टन उभे राहून आपापल्या चुका कबूल करतात आणि मनात टिपून ठेवतात, की आपण हरलो ते बंदुका कमी पडल्या म्हणून नव्हे, समोरच्यानं गावंच्या गावं आपल्या बाजूला ओढली म्हणून. मार्‍यांदेल नावाचा तरुण अधिकारी तर 'आवाजा'लाच गुंडाळायला शिकतो. पुढे अल्जेरियात हीच मंडळी तो धडा उलटा गिरवतात. सगळ्या कादंबरीची खुंटी मला तिथे दिसते.

कर्नल रास्पेगी हा नायक मार्सेल बिजार या खऱ्या अधिकाऱ्यावर बेतलेला. कादंबरीतला रास्पेगी बास्क मुलखातला. खरा बिजार लोरेन प्रांतातला, आणि सैन्यात येण्याआधी बँकेत कारकून! मी स्वतः बँकेत असल्यामुळे या माहितीनं माझी एक अख्खी लोकल सुखाची गेली. एका ठिकाणी एक पात्र म्हणतं, की खरं तर दोन सैन्यं हवीत. एक दाखवायचं, बँडबाजा आणि म्हाताऱ्या जनरलांचं. दुसरं लढायचं, जे लोकांसमोर आणायचंच नाही. पहिल्या वाचनात या परिच्छेदाला मी पेन्सिलीनं दोन उभ्या रेघा मारल्या होत्या.

चौथ्या महिन्यात त्याच रेघांशी अडलो.

ते दुसरं, न दाखवायचं सैन्य काय करतं, हे तिसऱ्या भागात दिसतं, अल्जेरियाच्या राजधानीत, अल्जिअर्समध्ये. एका दंतवैद्याला पकडलंय, बॉम्ब ठेवलेत, ठरल्या वेळी फुटणार. वेळ थोडा. मग एरवी सुसंस्कृत असलेला कॅप्टन हात उगारतो, माणूस बोलतो, लोक वाचतात. पहिल्यांदा वाचताना मीही मनात "मार की!" म्हणालो होतो, लपवत नाही. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की ते घड्याळ लेखकानंच लावलंय. पकडलेला माणूस दोषी आहे हे आपल्याला आधीच ठाऊक, बॉम्ब आहेत हेही ठाऊक, आणि तो खरंच सांगतो. खऱ्या अल्जिअर्सनं एवढी सोय कुणाला दिली? जून १९५७ मध्ये मोरीस ओदँ या पंचवीस वर्षांच्या गणिताच्या शिक्षकाला फ्रेंच पॅराट्रूपर्सनी घरातून उचललं, तो परत आलाच नाही. तो पळून गेला, असं लष्करानं सांगितलं. फ्रेंच राज्यानं जबाबदारी कबूल केली ती २०१८ साली. बंडाचा नेता लार्बी बेन म्हिदी कोठडीत मेला, तेव्हा आत्महत्या म्हणून जाहीर केलं. त्याला आपण मारल्याचं जनरल ओसारेसनं २००१ मध्ये स्वतःच लिहिलं.

तेव्हापासून मी महमूदीला शोधत वाचतो. हा फ्रेंच सैन्यातला अल्जेरियन लेफ्टनंट, याच लोकांबरोबर छावणीत उपाशी राहिलेला. कुणासाठी लढायचं, हा प्रश्न सगळ्यात जास्त त्याचा, आणि पानं त्याच्याच वाट्याला कमी. त्याच्या बहिणीची, आयशाची, चौकशी तर लेखक बघता बघता प्रेमप्रकरणात नेऊन ठेवतो. तिथे मी पुस्तक मिटून डोंबिवलीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

एक जाता जाता. अल्जेरियात बंडाची पहिली रात्र १ नोव्हेंबर १९५४ ची, आणि पाँडिचेरीचा कारभार फ्रान्सनं भारताच्या हाती दिला तोही १ नोव्हेंबर १९५४ लाच. एकच तारीख, एकच मालक.

उतारा म्हणून पिएर शन्दर्फरचं '३१७वी तुकडी' घेतलं, १९६३ चं. हे मूळ फ्रेंचमध्ये वाचलं, शब्दकोश मांडीवर ठेवून, दिवसाला चार पानं. पुस्तक छोटं आहे, माझं फ्रेंच त्याहून छोटं. लेखक लष्करी कॅमेरामन म्हणून दिएन बिएन फूमध्ये उतरलेला आणि तिथेच कैद झालेला. गोष्ट एवढीच: मे १९५४, जंगलातलं एक ठाणं सोडून ४ फ्रेंच आणि ४१ लाओशियन सैनिक मागे निघालेत. नवखा अधिकारी तोरांस आणि मुरलेला विल्सडॉर्फ. हा विल्सडॉर्फ अल्सासचा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनीनं बळकावलेल्या फ्रेंच प्रांताचा, त्या युद्धात जर्मन गणवेशात रशियात लढून आलेला. वाटेत रेडिओवर दिएन बिएन फू पडल्याचं कळतं आणि तुकडी चालत राहते. इथे भाषण नाही, सिद्धांत नाही. पाऊस, पाण्यातले पाय, जखमींचं काय करायचं यावरून दोघांची धुसफुस. १९६५ साली लेखकानंच यावर कंबोडियात सिनेमा केला. फ्रेंच येत नसेल तर तोच बघा, काही बिघडत नाही.

आमच्या शाखेतले सुरक्षारक्षक माजी सैनिक आहेत, साताऱ्याकडचे. सगळे त्यांना सुभेदार म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत त्यांना लार्तेगीचा दंतवैद्य सांगितला, तर "हं" म्हणून डबा धुवायला उठले. दुसऱ्या दिवशी शन्दर्फरची जखमी माणसं सांगितली, तेव्हा हातातली भाकरी थांबली.

"साहेब, स्ट्रेचर किती?"

"एक. मग दोन."

"एकाला चार माणसं. बदलीला आणखी चार. म्हणजे दोन स्ट्रेचरला सोळा जण गेले. पंचेचाळिसातून." थोडं थांबून म्हणाले, "पुढं चालायला कोण ठेवलं त्यांनी?"

त्या संध्याकाळी मी तो भाग पुन्हा काढला. पुस्तकात त्याचं उत्तर आहे. शब्दकोश नीट न बघता माझ्याकडूनच निसटलं होतं.