भावाची यादी अ‍ॅडमिनपासून जपायची आहे : टीडीई की ऑलवेज एन्क्रिप्टेड?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांना मी हिशेबाचं सॉफ्टवेअर देतो. सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बहुतेक ठिकाणी हार्डवेअरवाल्याकडे असतो, आणि तोच शेजारच्या चार कारखान्यांतही जातो. कुठल्या पार्टीला काय भाव लावलाय हे त्याला दिसू नये, एवढंच मालकांचं म्हणणं. हिशेब मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये असतो, आणि त्यात यासाठी लोक दोन गोष्टी सुचवतात : टीडीई, म्हणजे डेटाबेसची अख्खी फाइल डिस्कवर एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता न येणारी) करणं, आणि ऑलवेज एन्क्रिप्टेड, म्हणजे निवडलेले रकाने सर्व्हरलाही वाचता येणार नाहीत असे झाकणं. मी दोन्ही लावून बघितल्यात.

टीडीई बसवायला सोपं. प्रोग्रामला हात लावावा लागत नाही, बॅकअपही एन्क्रिप्ट होऊनच निघतो. एमडीएफ, म्हणजे डेटाची मूळ फाइल, कोणी पेनड्राइव्हवर उचलून नेली तरी सर्टिफिकेटशिवाय (ती उघडायला लागणाऱ्या किल्लीशिवाय) दुसऱ्या सर्व्हरला जोडता येत नाही. २०१९ च्या आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हरच्या स्टँडर्ड प्रकारातही मिळतं. फुकटच्या एक्सप्रेस प्रकारात नाही.

माझं मन त्यावरून उडालं ते एका दुपारी. टीडीई लावलेल्या सर्व्हरवर मी मालकांसमोरच विंडोजच्या अ‍ॅडमिन खात्यातून सर्व्हिस बंद केली आणि सिंगल युजर मोडमध्ये सुरू केली. त्या मोडमध्ये मशीनचा अ‍ॅडमिन सिसअ‍ॅडमिन म्हणून, म्हणजे डेटाबेसचे सगळे अधिकार घेऊन, आत येतो. एक नवं लॉगिन तयार केलं, त्याला तेच अधिकार दिले, सर्व्हिस पूर्ववत केली आणि टेबल उघडलं. भावाचा रकाना जसाच्या तसा समोर. मालक अण्णा म्हणाले, "मग कुलूप कशाला लावलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. फाइल चोरीला जाण्याची भीती असेल तर टीडीई चांगलंच आहे. पण आमचा हार्डवेअरवाला त्याच मशीनवर बसतो.

ऑलवेज एन्क्रिप्टेड २०१६ मध्ये आलं, आता एक्सप्रेसमध्येही चालतं. किल्ली सर्व्हरवर ठेवायचीच नाही. मी ती मालकांच्या केबिनमधल्या मशीनवर ठेवतो. सर्व्हरवर तोच रकाना उघडला की शून्य-एक्सने सुरू होणारी आकडे-अक्षरांची माळ दिसते. त्रास आहे, नाही असं नाही. भावाची बेरीज सर्व्हरवर होत नाही, प्रोग्राममध्ये करावी लागते. पार्टीचं नाव एन्क्रिप्ट केलं तर अर्धं नाव टाकून शोधता येत नाही. म्हणून मी नावं उघडी ठेवून फक्त भाव झाकतो. दोन रिपोर्ट मला नव्याने लिहावे लागले.

केबिनच्या मशीनचा अ‍ॅडमिनही तोच माणूस असेल, तर मात्र हेही फुकट. आणि फाइल पुसून टाकण्यापासून दोन्ही वाचवत नाहीत, त्याला बाहेर ठेवलेला बॅकअपच हवा.

तुमची गरज वेगळी असू शकेल, पण नव्या कारखान्यात मी आता ऑलवेज एन्क्रिप्टेडच लावतो. किल्ली हरवली तर भाव कायमचे गेले, म्हणून तिची पासवर्ड घातलेली प्रत मालकांच्या घरच्या कपाटात असते. ती दुसऱ्या मशीनवर टाकून भाव वाचता येतात, हे बिल देण्याआधी त्यांच्या शेजारी बसून करून दाखवतो.