कुत्र्याने पाळीव जनावराला चावलं: घरीच उपचार, सकाळपर्यंत थांबणं की आत्ताच दवाखाना?

कुत्र्याच्या चाव्यात कातडीवर दिसणारं भोक आणि खरी इजा यांचा मेळ क्वचितच बसतो. सुळा शिरतो तिथे काही मिलिमीटरचं छिद्र पडतं. कुत्र्या-मांजरांची कातडी सैल असल्यामुळे चावणाऱ्याने हिसडे दिले की ती सुळ्याबरोबर सरकते, फारशी फाटत नाही. खालचे स्नायू मात्र फाटतात, कातडी त्यांच्यापासून सुटते आणि मधे पोकळी तयार होते. त्या पोकळीत रक्त आणि पाणी साचतं, शिवाय केस आणि तोंडातले जंतू आधीच आत गेलेले असतात. म्हणून पहिल्या रात्री ‘दोनच तर भोकं आहेत’ म्हणून घरी ठेवलेलं जनावर तिसऱ्या दिवशी पू आणि ताप घेऊन दवाखान्यात येतं.

त्यामुळे निर्णय घेताना रक्त किती आलं हे नंतर बघा. आधी तीन गोष्टी विचारा: चावा कुठे आहे, हिसडे दिले का, आणि दोघांच्या आकारात किती फरक आहे.

सोडवताना: हात, पाणी की मागचे पाय

तोंडाजवळ किंवा गळ्यातल्या पट्ट्याला हात घालणं हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. भांडणाऱ्या कुत्र्याला मधे आलेला हात कोणाचा आहे हे कळत नाही. पाण्याचा जोरदार फवारा, अंगावर टाकलेली चादर, मधे सरकवलेली फळी हे एकट्या माणसालाही जमतं. मागचे पाय उचलून मागे ओढण्याची पद्धत दोन माणसं असतील आणि दोन्ही कुत्री एकाच वेळी ओढली जातील तरच वापरा. जबडा घट्ट बसलेला असताना आपल्या जनावराला ओढू नका. छिद्राची चीर तिथेच होते.

तीन पर्याय

*घरी उपचार.* हा पर्याय फक्त वरवरच्या खरचटीला लागू पडतो: कातडी आरपार गेलेली नाही, जनावर नीट चालतंय, खातंय, हिरड्या गुलाबी आहेत. सुळ्याने भोक पडलं असेल तर हा पर्याय संपला. आजूबाजूचे केस कापा, पण आधी जखमेत पाण्यात विरघळणारी जेली भरा, नाहीतर कापलेले केस आतच जातात. उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून, सुई काढलेल्या सिरिंजने भरपूर धुवा. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट टाळा. जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशीही मरतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या अजिबात नकोत. पॅरासिटामॉल मांजराचा जीव घेतं आणि आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते.

मांजर आणि ससा यांच्यासाठी घरच्या उपचाराचा पर्याय विचारातच घेऊ नका. कुत्र्याच्या जबड्यात सापडलेलं इतकं लहान जनावर बाहेरून धड दिसलं तरी तपासून घ्यायलाच हवं.

*सकाळपर्यंत थांबणं.* पायावर किंवा मांडीवर एक-दोन छिद्रं आहेत, रक्त पाच मिनिटं न उचलता दाबून धरल्यावर थांबलं, पायावर वजन टाकता येतंय, दोन्ही कुत्री साधारण एकाच आकाराची होती, अशा वेळी हे चालतं. पण सहा ते आठ तासांत जंतूंची वाढ इतकी होते की त्यानंतर जखम सरळ शिवून बंद करणं धोक्याचं ठरतं. म्हणजे थांबण्याचा अर्थ ‘टाके घालता येतील’ वरून ‘उघडी ठेवून भरून आणावी लागेल’ वर जाणं असा असू शकतो. रात्रभर दर तासाला झोपेतला श्वास मोजा. कुत्र्यात मिनिटाला साधारण 15 ते 30 हे ठीक. शांत पडलेलं असताना 40 च्या वर जात असेल तर सकाळ होण्याची वाट बघू नका. हिरडीवर बोट दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत रंग परत आला पाहिजे. भूल द्यावी लागू शकते, म्हणून खायला काय आणि कधी घालायचं ते दवाखान्याला फोनवर विचारा.

*आत्ताच दवाखाना.* मान, छाती, पोट, डोळा किंवा सांध्याजवळचा चावा. मोठ्या कुत्र्याने लहानाला उचलून हिसडलं असेल तर कातडीवर ओरखडाही नसला तरी. अशा हिसड्यात बरगड्या मोडतात, फुफ्फुसाला मार बसतो, पोटाच्या भिंतीला फाट पडून आतडं कातडीखाली येतं, आणि वरून काहीच दिसत नाही. फुफ्फुसाचा मार पुढच्या 24 तासांत वाढत जाऊ शकतो; आतड्याला छिद्र असेल तर पोटात जंतू पसरल्याची लक्षणं दिसायला एक-दोन दिवस लागू शकतात. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर असतील, मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल, तर निर्णय झालाच. छातीच्या छिद्रातून हवेचा आवाज येत असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडाने झाकून निघा. आतडं बाहेर आलं असेल तर मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळा, आत ढकलू नका. छाती-पोटाच्या खोल छिद्रात घरी पाणीही सोडू नका. दुखण्याने चावणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाला पट्टी बांधता येते, पण धाप लागली असेल, उलट्या होत असतील किंवा चपट्या तोंडाची जात असेल तर नाही. अशा वेळी जाड टॉवेल वापरा.

शंका असेल तर तिसराच पर्याय निवडा. लवकर केलेली छोटी सफाई, नंतर सडलेली कातडी कापून काढण्यापेक्षा कमी त्रासाची असते.

दवाखान्यात: टाके, ड्रेन की उघडी जखम

हा प्रश्न पशुवैद्य ठरवतात, पण मालकाला तिन्हींचा पुढचा त्रास माहीत असावा.

लगेच टाके घालून बंद केलेली जखम दिसायला छान, घरी काम कमी, 10 ते 14 दिवसांत टाके निघतात. जखम ताजी असेल, मेलेला भाग पूर्ण काढता आला असेल तरच हे जमतं. मोह इथेच होतो. आत पोकळी ठेवून वरून शिवलं की तीन-चार दिवसांत तिथे गळू होतं आणि सगळं पुन्हा उघडावं लागतं.

पोकळी असेल तर ड्रेन घालतात: रबराची मऊ पट्टी, सगळ्यात खालच्या जागेतून बाहेर काढलेली, सहसा तीन ते पाच दिवस. त्यातून लालसर पाणी गळतं, अंथरूण खराब होतं, आणि हे गळणं म्हणजे ते काम करतंय. जनावराने चाटून ती ओढून काढली तर आत तुटून राहण्याची भीती असते, म्हणून गळ्यातला कोन (तोंड जखमेपर्यंत पोचू न देणारी शंकूच्या आकाराची कॉलर) चोवीस तास. ‘थोडा वेळ काढतो, बिचाऱ्याला त्रास होतो’ या दयेपोटी बऱ्याच ड्रेनची वाट लागते.

घाणेरडी, उशिरा आलेली किंवा आधीच पू झालेली जखम उघडी ठेवतात. सुरुवातीला रोज पट्टी बदलायची, ती भिजली तर लगेच. स्वच्छ झाली की तीन ते पाच दिवसांनी शिवता येते, नाहीतर आतून भरून येऊ देतात. फेऱ्या सर्वांत जास्त, पण अशा जखमेला हाच रस्ता सुरक्षित.

तपासणीत एक्स-रे आणि सोनोग्राफी एकमेकांना पर्याय नाहीत. मोडलेल्या बरगड्या आणि छातीत साठलेली हवा एक्स-रेत चांगली दिसते, पोटात साचलेलं पाणी किंवा रक्त सोनोग्राफीत पटकन सापडतं. छातीला धक्का बसला असेल तर एक्स-रेला नाही म्हणू नका.

घरी आल्यावर गुदद्वारातून ताप मोजा. 39.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला, जखमेला वास आला किंवा कातडी काळी पडू लागली, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. अँटिबायोटिकचा कोर्स बरं दिसायला लागलं म्हणून मधेच सोडू नका.

रेबीज आणि समोरचा मालक

चावणाऱ्या कुत्र्याला मालक असेल तर लसीकरणाचं कार्ड जागेवरच मागा आणि त्याचा फोटो काढा. कुत्रा बघता येत असेल तर 10 दिवस नजरेखाली ठेवावा. या काळात तो आजारी पडला किंवा मेला तर लगेच पशुवैद्याला कळवा. आपल्या जनावराची लस चालू असली तरी बूस्टर द्यायचा का ते त्याच दिवशी विचारा. लस झालेलीच नसेल आणि भागात रेबीज असेल तर हा प्रश्न जखमेपेक्षा मोठा आहे, तो उद्यावर टाकू नका.

जखम हाताळताना हातमोजे घाला, तिथे दुसऱ्या कुत्र्याची लाळ असते. सोडवताना तुम्हालाच चावा किंवा ओरखडा बसला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा, चावणारा आपलाच कुत्रा असला तरी.