गेमिंग लॅपटॉपसाठी डॉक: मॉनिटर आणि वीज बाहेरच ठेवावी

डॉकिंग स्टेशन, म्हणजे एका केबलने लॅपटॉपला जोडून अनेक पोर्ट देणारी पेटी (थोडक्यात डॉक), विकणारा दुकानदार सर्वांत आधी त्यावरील मॉनिटरची पोर्ट दाखवतो. पणजीच्या १८ जून रस्त्यावर चौकशी केली तेव्हाही तोच अनुभव आला. कचेरीच्या लॅपटॉपसाठी ते योग्यच आहे. खेळासाठी घेतलेल्या लॅपटॉपचा हिशेब मात्र निराळा असतो. फोंड्यातील घरी एकाच मेजावर थंडरबोल्ट ४ (यूएसबी-सी आकाराचीच, पण अधिक वेगवान जोडणी), साधा सेकंदाला १० गिगाबिटचा यूएसबी-सी आणि डिस्प्लेलिंक (चित्र यूएसबीच्या डेटातून पाठवणारा) असे तिन्ही प्रकारचे डॉक वापरून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, कीबोर्ड, माऊस, हेडसेट, लॅन आणि बाहेरची डिस्क एवढेच डॉकवर सोपवावे, तर मॉनिटर आणि चार्जर थेट लॅपटॉपलाच जोडावेत.

यामागे पहिले कारण विजेचे आहे. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या यूएसबी केबलमधून वीज देण्याच्या मानकाच्या २०२१ मधील आवृत्तीने २४० वॉटपर्यंतची मुभा दिली असली, तरी बाजारातील बहुतेक डॉक १०० वॉटच्या आतबाहेरच असतात, आणि गेमिंग लॅपटॉपचे मूळ चार्जर १८० ते ३३० वॉटचे असतात. केवळ डॉकच्या विजेवर जड खेळ चालवला की बॅटरी उतरू लागते, आणि अनेक लॅपटॉप ग्राफिक्स कार्डाचा वेगही आपणहून कमी करतात.

चित्राच्या बाबतीत डिस्प्लेलिंकचा विचार खेळासाठी सोडूनच द्यावा. त्यात प्रत्येक चित्र प्रोसेसरकडून आकुंचित करून यूएसबीवरून पाठवले जाते, त्यामुळे माऊस हलवणे आणि पडद्यावर ते दिसणे यांत अंतर पडते. साध्या यूएसबी-सी डॉकमध्ये अडचण वेगळी असते: केबलमधील चार मार्गिकांपैकी दोन डेटाला गेल्या की चित्रासाठी दोनच उरतात, आणि डीएससी (चित्र आकुंचित करून पाठवण्याची सोय) नसल्यास १४४०पी (२५६०×१४४० बिंदूंचे) चित्र १२० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १२० वेळा, मिळते, १४४ हर्ट्झवर सहसा मिळत नाही. थंडरबोल्ट ४ च्या ४० गिगाबिटमध्ये ही ओढाताण बरीच कमी होते. तरीही लॅपटॉपचे ते पोर्ट खेळाच्या ग्राफिक्स कार्डाऐवजी प्रोसेसरमधील अंतर्गत ग्राफिक्सला जोडलेले असेल, तर महागडा डॉकसुद्धा चित्र त्या अंतर्गत ग्राफिक्सच्या वळणानेच नेणार. कोणते पोर्ट कोणत्या ग्राफिक्सला जोडले आहे, हे एनव्हिडिया कार्ड असल्यास त्याच्या कंट्रोल पॅनेलमधील फिजएक्स (PhysX) नावाच्या पानावर दिसते. डॉक घेण्याआधी ते पाहून घ्यावे.

आपल्याकडे याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, आणि ती खोक्यावर छापलेली नसते. पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, पण स्वतंत्र अडॅप्टरवर चालणारा डॉक त्याच क्षणी बंद पडतो आणि त्याला जोडलेल्या डिस्कचा संबंध लिहिता लिहिताच तुटतो. इन्व्हर्टर असला तरी वीज बदलण्याचा तो क्षण काही डॉकना पुरेसा होतो. म्हणून डॉक, राउटर आणि मॉनिटर ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसवर ठेवावेत. लॅपटॉपचा भलामोठा चार्जर मात्र त्यावर लावू नये. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहेच आणि यूपीएसला तो भार पेलत नाही. अडॅप्टर नसलेला, लॅपटॉपच्याच विजेवर चालणारा छोटा डॉक या प्रसंगातून सुटतो खरा, पण दिव्यांचा कीबोर्ड, हेडसेट आणि फिरती हार्ड डिस्क एकत्र जोडली की त्याची वीज अपुरी पडून डिस्क अधूनमधून नाहीशी होते.

डॉक हाताला गरम लागणे स्वाभाविक आहे. फक्त लॅपटॉपची गरम हवा जिथून बाहेर पडते तिथे तो ठेवू नये. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी रिकामी पोर्ट खाऱ्या दमट हवेपासून झाकून ठेवावीत, हेही बरे.

घरातील फायबरचा प्लॅन १०० ते ३०० मेगाबिटचा असेल, तर २.५ गिगाबिटच्या लॅनसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. एक गिगाबिट भरपूर होते. थंडरबोल्टचा खर्च मी फक्त त्यांनाच सुचवेन, जे दिवसा याच मेजावर कचेरीचा दुसरा लॅपटॉप एका केबलने जोडून दोन ४के पडद्यांवर काम करतात. इतरांना स्वतंत्र अडॅप्टरचा, १० गिगाबिटचा साधा यूएसबी-सी डॉक पुरतो, आणि उरलेल्या पैशांत यूपीएस येतो.