लो फ्रिक्शन ब्रेसेस की साध्या तारा? घरात दोन्ही वापरात आहेत, त्याचा अनुभव

आमच्या घरात सध्या दोघांच्या दातांना तारा आहेत, माझ्या सेल्फ लिगेटिंग म्हणजे त्या लो फ्रिक्शनवाल्या आणि धाकट्या भावाच्या साध्या मेटलच्या. डॉक्टर एकच, कोल्हापुरात राजारामपुरीत. बरेच महिने झाले, मित्र सारखं विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. माझं मत आधीच सांगतो, मला भावापेक्षा जवळपास दुप्पट पैसे पडले आणि ते सोयीचे पडले, वेगाचे नाही. "यात लवकर होतं" म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर जरा दमानं घ्या.

ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवलेला बारका तुकडा, त्याच्या खाचेतनं तार जाते. साध्या ब्रॅकेटवर ही तार रबराच्या बारक्या रिंगेनं नाहीतर बारीक स्टीलच्या तारेनं आवळून बांधतात. माझ्या ब्रॅकेटला मात्र स्वतःचंच एक सरकतं झाकण आहे, तार खाचेत ठेवली की झाकण खटकन बंद. वरून दाबणारं काही नाही म्हणून तार मोकळी सरकते, घर्षण कमी. ही कल्पना काय नवी नाही, अमेरिकेत १९३५ सालीच असलं ब्रॅकेट निघालं होतं, गाजावाजा झाला तो १९९० च्या दशकात डॉ. ड्वाइट डेमन या तिकडच्याच दातांच्या डॉक्टरांनी असल्या ब्रॅकेटची त्यांची सिस्टीम आणल्यावर.

आता वेगाचं. लॅबमध्ये पातळ गोल तार घेऊन मोजलं की घर्षण खरंच कमी येतं, यात खोटं काही नाही. पण पुढं जाड चौकोनी तार घालतात, शिवाय दात तिरका असला की तार खाचेच्या कडेलाच अडकते, मग झाकण असू दे नाहीतर रिंग, फारसा फरक राहत नाही. आणि दात सरकतो कसा, तर एका बाजूचं हाड विरघळतं आणि मागं नवीन भरत येतं, त्या हाडाला झाकणाचं काय देणंघेणं? काढलेल्या दाताची जागा भरायची तर महिन्याला साधारण १ मिलिमीटर, एवढीच त्याची चाल. पेशंटवर जे तुलनेचे अभ्यास झालेत त्यातही एकूण कालावधीत म्हणावा असा फरक निघालेला नाही. आमच्या घरात तर भावाचेच पुढचे दात आधी ओळीत आले, अर्थात त्याचं वय कमी आणि दातांची गर्दीही वेगळी, त्यामुळं त्यावरनं पण निकाल लावू नका. दुखण्याचं म्हणाल तर दोघांचंही सारखंच, नवीन तार घातली की दोन-तीन दिवस भाकरी आमटीत कुस्करून खायची.

कमी घर्षणाचा एक तोटा कुणी आधी सांगत नाही. सुरुवातीची पातळ तार इतकी मोकळी असते की चावता चावता एका बाजूला सरकते आणि मागच्या दाढेपाशी तिचं टोक गालात घुसायला लागतं. माझं डावीकडं झालं होतं, वॅक्स लावून कशीबशी रात्र काढली. डॉक्टरांनी तार कापली आणि तिच्यावर एक बारका स्टॉप दाबून बसवला, मग बंद झालं. भावाला हा त्रास नाही, त्याच्या तारेला रिंगांनीच धरून ठेवलंय.

पण खाण्यापिण्यात मी जिंकलो. भावानं हौसेनं रिंगा आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमच्या रंगाच्या घेतल्या, रविवारी तांबडा रस्सा ओरपला आणि सोमवारी सगळ्या हळदीनं पिवळ्या. पांढऱ्या रश्श्यानं काही होत नाही, पण नुसत्या पांढऱ्यावर थांबणारा माणूस कोल्हापुरात कुठं मिळायचा? आई म्हणाली दात घासत नाहीस व्हय रे, तो बिचारा ब्रश दाखवत बसला. ट्रान्सपरंट रिंगा तर मिसळ असलेल्या गावात घेऊच नका, राखाडी किंवा गडद घ्या. माझ्याकडं रिंगच नाही, त्यामुळं रंगाचा विषयच नाही. ऊस आणि चिक्की मात्र दोघांनाही बंद, ब्रॅकेट सुटायला एक कांडं पुरतं.

साफसफाईत रिंगा नसल्यानं अन्न कमी अडकतं हे खरं, पण खालच्या पुढच्या दातांवर माझ्या झाकणांत टार्टर, म्हणजे दातांवर साचून कडक होणारा थर, धरलं आणि एक झाकण उघडेचना. आधी सगळं खरवडून काढावं लागलं, तेव्हा ते सरकलं. मधल्या फटींचा तो बारका ब्रश रोज फिरवायला लागतोच.

खुर्चीतला वेळ माझा कमी, झाकणं उघडली, तार बदलली, बंद केली. भावाची एकेक रिंग काढून एकेक नवीन घालायची, तोंड उघडं ठेवून जबडा भरून येतो त्याचा. रबर काही आठवड्यांत सैल पडतं, म्हणून त्याच्या तारखाही जवळजवळ असतात. गडहिंग्लज, राधानगरीकडनं एसटीनं येणाऱ्याला एवढ्यासाठीही लो फ्रिक्शन परवडेल.

"दात न काढता" ही जाहिरात वाचून मात्र पैसे भरू नका. दात काढायचे का नाही हे जबड्यात जागा किती आणि ओठ किती पुढं आहेत त्यावर ठरतं. भावाचे चार काढले, माझे नाही, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की साध्या तारा असत्या तरी तुझे काढले नसते.

मधला मार्गही आहे, साध्याच ब्रॅकेटवर बसणाऱ्या लो फ्रिक्शन रिंगा मिळतात, त्या खाचेवर पत्र्याच्या छपरासारख्या बसतात, तारेला दाबत नाहीत. तुमच्या डॉक्टरांकडं असतील तर विचारून बघा. आणि पैसे ठरवतानाच हे पण विचारा, झाकण मोडलं तर नवीन ब्रॅकेटचे वेगळे घेणार का? भावाची रिंग निघाली तर चिल्लर खर्च, माझं झाकण मोडलं की अख्खं ब्रॅकेटच बदलावं लागतं. शेवटी तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवायला जो रिटेनर घालायचा आहे तो पॅकेजमध्ये धरलाय का तेही लिहूनच घ्या, कारण तो दोघांनाही चुकत नाही.